महाबळेश्वरहून आणलेलं निळं हायड्रेंजिया पुण्यात गुलाबी झालं, आता तर फुलतच नाही

गच्चीवरची (सिंहगड रोड, पुणे)

जाणकारांनी जरा मदत करा.

गेल्या मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून हायड्रेंजिया आणलं. तेव्हा त्याला दोन भलेमोठे गुच्छ होते, गडद निळे. घरी आल्यावर ते हळूहळू हिरवट पडले आणि वाळले, पण झाड मात्र तरारून वाढलं. बारा इंची कुंडी आहे. त्यात सोसायटीच्या बागेतली काळी माती, शेणखत आणि दोन मुठी बोनमील. पाणी बोअरचं, कारण महापालिकेचं सकाळी येतं ते स्वयंपाकघरातच संपतं.

दसऱ्यानंतर मालीकाका गुलाब छाटायला येतात. त्यांनी त्याच दिवशी हायड्रेंजियाही गुडघ्याएवढं करून टाकलं. भिंतीकडे वाकलेली एक फांदी तेवढी कात्रीतून सुटली. यंदा मार्चमध्ये नेमका त्याच फांदीला एक लहानसा गुच्छ आला आणि तोही गुलाबी! बाकी सगळीकडे नुसती पानं.

आता एप्रिलमध्ये नवीन तक्रार. दुपारी बाराच्या सुमारास पानं लोंबतात, संध्याकाळी परत उभी राहतात. नवी पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या. कुंडीला सकाळी आठपासून तीनपर्यंत ऊन असतं.

शेजारच्या काकू म्हणतात गंजके खिळे पुरा म्हणजे निळं होईल. बहीण म्हणते चहाचा चोथा घाल. सासूबाई म्हणतात, "डोंगरावरचं डोंगरावरच शोभतं, दे सोडून." कुणाचं ऐकू?

कोथरूडचा_आळशी

सासूबाईंना +१. अनंत लावा. पांढराच फुलतो, वर वास फुकट.

तांबड्या_मातीतला (पाचगणीजवळ)

ताई, सासूबाईंची माफी मागून सांगतो, झाड सोडू नका. न छाटलेल्या फांदीला फूल आलं, म्हणजे तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर झाडानंच दिलंय.

मी इथल्या एका निवासी शाळेच्या बागेत नोकरी करून निवृत्त झालो. आवाराच्या दोन बाजूंना हायड्रेंजियाचंच कुंपण होतं, त्यामुळं हे झाड हाताखालून बरंच गेलंय.

आधी रंगाचं बघू. निळा रंग ॲल्युमिनियममुळं येतो, लोखंडामुळं नाही. खिळे भंगारवाल्याला द्या. गुलाबी आणि निळ्या फुलात रंगद्रव्य एकच असतं. त्याला मुळांवाटे ॲल्युमिनियम मिळालं की ते निळं दिसतं, नाही मिळालं तर गुलाबी. ॲल्युमिनियम बहुतेक सगळ्या मातीत असतं, पण ते विरघळून मुळापर्यंत पोचायला माती आंबट लागते. सामू (पीएच, जितका कमी तितकी माती आंबट) साडेपाचच्या खाली असला की निळं, साडेसहाच्या वर गेला की गुलाबी. मधल्या पट्ट्यात जांभळट, कधी एकाच झाडावर सगळी सरमिसळ. पांढऱ्या जातींना यातलं काही लागू नाही, त्या पांढऱ्याच राहतात.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढं पाणी मातीतला चुना धुऊन नेतं आणि मागं राहतं ते मुख्यत्वे लोह आणि ॲल्युमिनियम. जांभा म्हणजे तेच. याच डोंगररांगेत खाली कोल्हापूरकडं बॉक्साइटच्या खाणी आहेत, आणि बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचंच खनिज. त्यामुळं आमच्याकडं निळं फूल फुलवणं यात माळ्याची कर्तबगारी शून्य. इथं गुलाबी फुलवून दाखवा, मग मानू!

तुमच्याकडं सगळं उलट. काळ्या मातीत चुनखडी, सामू आठच्या आसपास. बोअरचं पाणी रोज त्यात आणखी चुना ओततं. वर बोनमील, म्हणजे चुना आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही. स्फुरद ॲल्युमिनियमला मातीतच बांधून टाकतो, मुळाला काही मिळूच देत नाही. गुलाबी झालं नसतं तरच नवल.

शाळेत वाचनालयाच्या मागं भिंतीला लागून एक जुनं झाड होतं. दर उन्हाळ्यात भिंतीला चुना मारायचे आणि मजूर बादल्या त्याच झाडाच्या बुडाशी विसळायचे. त्या झाडाचे भिंतीकडचे गुच्छ गुलाबी आणि वाटेकडचे निळे. मधे एक फांदी अशी होती की तिच्या गुच्छातल्या एकेका पाकळीची कड गुलाबी आणि देठाकडची बाजू जांभळी. मुलांचे पालक आले की हमखास विचारायचे, दोन झाडं एकत्र लावलीत का? त्यांना चुन्याच्या बादलीची गोष्ट सांगितली तरी पटायची नाही.

घरच्या घरी खात्री करायची तर कुंडीतली चमचाभर माती वाळवा आणि तिच्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, याचंही मूळ तेच. चुनखडीच्या मातीत लोह असून मिळत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात ऊन उतरल्यावर फवारा. तेवढ्यानं हे दिवस निघतील. खरा इलाज म्हणजे माती बदलणं.

पण आत्ता नको. एप्रिलच्या उन्हात मुळं हलवलीत तर झाड हातचं जाईल. पाऊस नीट लागला की जूनच्या शेवटी काढा. लाल माती निम्मी, उरलेल्यात कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. पुण्यात लाल माती म्हणून जी पोती मिळतात त्यात कधीकधी नुसता चाळलेला मुरूम असतो, तेव्हा व्हिनेगर तिच्यावरही टाकून बघा. आणि इकडं फिरायला याल तेव्हा जंगलातली माती डिकीत भरून नेऊ नका. लोक नेतात, मी बघितलेत. कुंडी चौदा-सोळा इंची घ्या, सिमेंटची सोडून कुठलीही. सिमेंटमधून चुनाच उतरतो, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न.

आता मालीकाका. त्यांचं गुलाबाचं गणित बरोबर आहे, कारण गुलाब नव्या फुटीवर फुलतो. हायड्रेंजियाचं फूल जुन्या काडीच्या टोकाला धरतं, तेही थंडी सुरू झाल्यावर. दसऱ्याला काडी उडवली की खालून कोवळी फूट येते, पण ती थंडीपर्यंत पिकत नाही. मग तिला पानांशिवाय दुसरं काही सुचत नाही. कात्री लावायची ती फूल उतरल्यावर लगेच. पुण्यात जून-जुलै धरा. फुलाखाली दोन पेरं मोजायची, जिथं समोरासमोर दोन डोळे (कोंब) दिसतात त्याच्या बोटभर वर कापायचं. ऑगस्टनंतर फक्त वाळलेल्या काड्या काढायच्या.

डिसेंबरात काडीचं टोक दोन बोटांत धरून चाचपा. फूल धरलेला डोळा जाड आणि गोलसर लागतो, पानांचा बारीक आणि टोकदार. हे एकदा मालीकाकांच्याच बोटांनी करून बघू द्या. सांगण्यापेक्षा ते बरं, माळी लोक ऐकत नसतात.

गुच्छ हिरवा पडला होता तो रोग नव्हता. या फुलाच्या रंगीत पाकळ्या म्हणजे खऱ्या पाकळ्या नव्हेत, निदलं (कळीबाहेरचं आवरण) आहेत. म्हणून इतके दिवस टिकतात आणि म्हातारपणी हिरवी होतात.

द्राक्षवाला (निफाड)

वरचं छाटणीचं वाचून हसू आलं. आमच्याकडे द्राक्षाला एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी तयार होते, तिच्या डोळ्यात घड आधीच ठरलेला असतो. ऑक्टोबर छाटणीला आपण फक्त तो बाहेर काढतो. काडी कच्ची राहिली तर ऑक्टोबरला कितीही औषधं मारा, वांझ फूट येते. हायड्रेंजियाही त्याच शाळेतलं दिसतंय.

सामू उतरवायला गंधक चालेल, पण मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात तेव्हा कुठे फरक पडतो. त्यात महिने जातात. आणि मातीत चुनखडी असेल तर गंधक घालून घालून दमाल, चुना संपत नाही. कुंडीच आहे ना, मग माती बदला हे वरच्या दादांचं म्हणणं बरोबर.

एक सावधगिरी. बोअरचं पाणी आंबट करायला कुणी फॉस्फरिक ॲसिड सुचवेल, आम्ही ते ड्रिपसाठी वापरतो. तुमच्या कामाचं नाही, त्यात स्फुरद आहे. डीएपी, सुपर फॉस्फेट, १९:१९:१९ ही सगळी खतं त्याच कारणानं बंद. १३:००:४५ चालेल, त्यात मधला आकडा, म्हणजे स्फुरद, शून्य आहे.

खाडीकाठी (ठाणे)

आमच्याकडे पानं अगदी टवटवीत, फुलांचा पत्ता नाही. छाटलेलं नाही, माती लाल, सगळं वर लिहिल्याप्रमाणे. मग?

तांबड्या_मातीतला (पाचगणीजवळ)

ठाण्यात गारवा नाही, दुसरं काय! या झाडाला फूल धरायला रात्री १८ अंशांच्या खाली लागतात आणि तेही सलग पाच-सहा आठवडे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत ते जमून जातं, नाशकात तर आरामात. मुंबई-ठाण्याकडं चार रात्री गार पडतात आणि पुन्हा घाम. नर्सरीतून फुललेलं आणायचं, गुच्छ टिकेल तितके दिवस बघायचं आणि पुढं पानांचं झाड म्हणून सांभाळायचं. जे कुणी "मुंबईत बारमाही फुलणारी जात" म्हणून विकतात त्यांना पहिल्या वर्षाचे नाही, दुसऱ्या वर्षाचे फोटो मागा.

योकोहामावासी

मूळ मराठी, सध्या मुक्काम जपानात, म्हणजे या झाडाच्या माहेरी. इथे याला आजिसाई म्हणतात आणि ते जूनच्या पावसाचं फूल आहे. आमच्या जवळ कामाकुराला मेइगेत्सुइन नावाचं देऊळ आहे. तिथे पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळंच निळं असतं. जूनमध्ये शनिवारी-रविवारी गेलात तर फुलांइतक्याच छत्र्या बघायला मिळतात. इथली माती बरीचशी ज्वालामुखीच्या राखेची, आंबट, म्हणून निळा रंग सगळीकडे.

छाटणीबद्दल इथले शेजारी फार काटेकोर आहेत. जुलै उलटायच्या आत सगळ्यांच्या कात्र्या निघतात. आमच्या घरमालक आजी फुलं वाळायची वाट बघत नाहीत, रंग उतरायला लागला की गुच्छ कापून फुलदाणीत. त्यांचं म्हणणं, झाडाला पुढच्या काडीसाठी तेवढाच जास्त वेळ मिळतो.

दुसरं म्हणजे पानं विषारी आहेत. २००८ साली इथे काही ठिकाणी पदार्थाखाली सजावट म्हणून हायड्रेंजियाची पानं मांडली आणि गिऱ्हाइकांनी ती खाल्ली. उलट्या, चक्कर असे प्रकार झाले. गंमत म्हणजे याच कुळातल्या एका डोंगरी झाडाच्या पानांचा गोड चहा बुद्धजयंतीला, ८ एप्रिलला, बुद्धाच्या मूर्तीवर ओततात. पण तो वेगळा प्रकार, खास प्रक्रिया केलेला. घरच्या झाडावर प्रयोग नकोत.

गच्चीवरची (सिंहगड रोड, पुणे)

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. व्हिनेगर टाकलं, माती सोड्यासारखी फसफसली. मालीकाका समोरच होते, म्हणाले, "हे तर मला माहीतच होतं." असो.

आता उरलेल्या शंका. पानं दुपारी लोंबतात म्हणून मी दोन वेळा पाणी घालतेय, ते बरोबर की चूक? बोअरशिवाय पाणी आणू कुठून, आरओमधून बाहेर पडणारं चालेल का? बहिणीच्या चहाच्या चोथ्याचं काय? फिटकरी घाला असं एका व्हिडिओत बघितलं, ते खरं का? आणि घरात एक बोका आहे, जो सगळं चावून बघतो.

तांबड्या_मातीतला (पाचगणीजवळ)

बोक्यापासून सुरुवात करतो. कुंडी त्याच्या वाटेवर नको. योकोहामावाल्यांनी सांगितलंच आहे. आमच्याकडं शेळ्यासुद्धा या कुंपणाला तोंड लावायच्या नाहीत, पण बोक्याच्या अकलेची हमी मी देत नाही.

पानं दुपारी लोंबून संध्याकाळी उभी राहतात, ती तहान नव्हे. पानं मोठी असतात, त्यांच्यातून पाणी उडतं जास्त आणि मुळं तेवढ्या वेगानं ओढू शकत नाहीत. सकाळी उठून बघा. सकाळीही मान खाली असेल तर एकतर खरी तहान, किंवा अतिपाण्यानं मुळं कुजायला लागलीत. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. एरवी दोनदा घालायची गरज नाही. गरज आहे ती सावलीची. आठ ते तीन ऊन हे गुलाबाला ठीक, याला जुलूम. कुंडी पूर्वेला सरकवा, दहापर्यंतचं ऊन पुरे. सरकवायला जागा नसेल तर ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. कुंडी स्लॅबवर थेट ठेवू नका, तीन विटांवर ठेवा, रात्री अकरा वाजेपर्यंत गच्ची तापलेली असते. वर वाळल्या पानांचा थर घाला. कुंडीखाली ताटली असेल तर ती पावसाळ्यात काढून टाका. उन्हाळ्यात पानं निस्तेज आणि ठिपकेदार दिसली तर उलटून बघा, लाल कोळी (बारीक कीड) असेल. त्याला जोरात पाण्याचा फवारा खालून मारला तरी बराचसा जातो.

आरओचं फेकलेलं पाणी म्हणजे बोअरच्या पाण्याचा अर्क, सगळे क्षार त्यातच. अजिबात नको. तुमच्याकडं नाहीतर शेजाऱ्यांकडं एसी असेल, त्याच्या नळीचं पाणी बादलीत धरा. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. मे महिन्यात एसी रात्रभर चालतो, एका कुंडीपुरतं सहज मिळतं. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी. पहिल्या पावसाचं सोडून द्या, त्यात गच्चीची धूळ असते.

चहाचा चोथा धुऊन, कुजवून घाला. खत म्हणून चांगला, पण त्यानं रंग पालटत नाही. दुधाच्या चहाचा न धुता घातलात तर मुंग्या लागतील.

फिटकरीचं मात्र खरं आहे. तुरटी म्हणून वाण्याकडं मिळते ती पोटॅश ॲलम, तिच्यात ॲल्युमिनियमच असतं. पण क्रम लक्षात ठेवा. आधी माती बदलायची, झाडानं नवी मुळं धरेपर्यंत थांबायचं, आणि मग सप्टेंबरपासून. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा कुटलेली तुरटी पूर्ण विरघळवायची. आदल्या दिवशी कुंडीला साधं पाणी दिलेलं पाहिजे, कोरड्या मातीत तुरटी ओतली तर मुळं भाजतात. पंधरा दिवसांतून एकदा, कुंडी भिजेल इतकंच, पानांवर नाही. डिसेंबर-जानेवारीत थांबायचं, फुटवा निघाला की परत सुरू आणि गुच्छाला रंग भरला की बंद. जास्त घातल्यानं जास्त निळं होत नाही, पानांच्या कडा करपतात. चुनखडीच्या मातीत तुरटी घालणं म्हणजे नुसतं वाण्याचं भलं.

आणि एक. माती बदलून, तुरटी घालूनही पहिल्या वर्षी जांभळंच येईल, धीर धरा. बोअरचं पाणी पुन्हा सुरू केलंत की परत गुलाबीकडं. खरं सांगू का, गुलाबीही काही वाईट दिसत नाही. माझ्या बायकोला गुलाबीच आवडायचं. तिच्यासाठी दारातल्या एका झाडाला मी मुद्दाम चुन्याची निवळी घालायचो.

द्राक्षवाला (निफाड)

ताई, जुलैत छाटाल तेव्हा काड्या फेकू नका, एखादी इकडे पाठवा. दादा, कलम कसं करायचं तेही लिहून टाका.

तांबड्या_मातीतला (पाचगणीजवळ)

फूल नसलेली यंदाची काडी घ्या, पेन्सिलीएवढी जाड, दोन-तीन पेरांची. खालचं टोक पेराच्या लगेच खाली कापायचं. खालची पानं काढायची, वरची दोन ठेवून तीही निम्मी कापायची, नाहीतर मुळं येण्याआधीच सुकते. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट. खत काही नको. सावलीत ठेवून वर पारदर्शक पिशवी उलटी घालायची, दिवसातून एकदा उघडून हवा द्यायची. पावसाळ्याची हवा असते, महिन्याभरात मुळं सुटतात. हळूच ओढून बघा, अडकल्यासारखी वाटली की मुळं धरली. पाठवताना ओल्या फडक्यात गुंडाळा, कुरिअरला दोन दिवस चालतं. निफाडची माती पुण्यापेक्षा काळी, तेव्हा तुम्हीही कुंडीतच लावा आणि द्राक्षाच्या टँकरमधलं पाणी घालू नका.